शंकूंची राखण

मोटारींच्या शर्यती हा संस्थानिकांचा, कारखानदारांच्या चिरंजीवांचा आणि व्यासपीठावर चढून एकमेकांच्या अंगावर शॅम्पेन उडवणाऱ्या युरोपीय तरुणांचा उद्योग असून, ज्याला महिनाअखेरीस विजेच्या बिलाची आठवण येते अशा गृहस्थाने त्याकडे दुरूनच, आणि तेही कोणी फुकट दाखवीत असेल तरच, पाहावे, असा जो समज मराठी मध्यमवर्गात पिढ्यानुपिढ्या दृढमूल झालेला आहे, तो पुष्कळ अंशी यथार्थ आहे. २००५ साली कोइमतूरच्या नारायण कार्तिकेयन यांनी फॉर्म्युला वनच्या रांगेत पहिल्या भारतीयाची गाडी उभी केली, तेव्हा आमच्या आळीतल्या एकाही घरातून ‘आपल्या बंड्यालाही तिकडे घालू या’ असा उद्गार निघाल्याचे ऐकिवात नाही. क्रिकेटच्या बाबतीत मात्र तो दर आठवड्याला निघत असे; कारण बॅट परवडते.

परंतु या प्रासादाला एक मागचे दार आहे, आणि ते चिखलात उघडते. ओहायो राज्यात हिशेबतपासनिसाची चाकरी करीत असता, शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याची मोटार काही सोमवारी सकाळी छपरापर्यंत मातीने का माखलेली असते, अशी एक निरुपद्रवी चौकशी मी केली, आणि त्या दाराचा पत्ता मला लागला. गृहस्थ रॅलीक्रॉसला जात असत. १९४४ साली स्थापन झालेल्या ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेच्या छत्राखाली तिच्या स्थानिक शाखा ठिकठिकाणी हा खेळ भरवतात. त्याला लागते एक मोकळे मैदान, ढीगभर नारिंगी शंकू, वेळ मोजणारे यंत्र आणि पक्क्या छपराची कोणतीही धडधाकट मोटार. कोणतीही म्हणजे जी शनिवारी भाजी आणते आणि सोमवारी मालकाला मुकाट्याने कचेरीत नेते तीसुद्धा. उंच, कलंडण्याजोग्या वाहनांना तेवढा मज्जाव आहे. मैदानाच्या निवडीतही ऐट नाही: आयोवातील इंडियनोला येथे ज्या माळावरून एरवी गरम हवेचे अजस्र फुगे आकाशात सोडतात, त्याच माळावर या खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धा झालेल्या आहेत.

खेळाचे मूळ गोत्र मात्र इंग्लंडातले. केंट परगण्यातील लिडन हिल येथे ४ फेब्रुवारी १९६७ रोजी, शनिवारच्या दुपारी घरात बसलेल्या प्रजेला काहीतरी दाखवावे या आयटीव्ही वाहिनीच्या निकडीपोटी, रॅलीतल्या मोटारी थोड्या डांबरी व थोड्या मातीच्या अशा आखूड वाटोळ्या मार्गावर एकत्र सोडण्यात आल्या, आणि व्हिक एल्फर्ड यांनी पोर्शे ९११ मधून ती पहिली शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी त्यांनी माँटे कार्लोची रॅलीही खिशात घातली. त्याच १९६७ च्या नोव्हेंबरात तिथली सुप्रसिद्ध आरएसी रॅली ऐन तोंडावर रद्द करावी लागली, कारण गुरांत लाळ-खुरकताची साथ पसरली होती. गुराढोरांनी यंत्रयुगावर मिळवलेला हा बहुधा शेवटचा निर्णायक विजय असून इतिहासकारांनी त्याची घ्यावी तितकी दखल घेतलेली नाही.

युरोपीय रॅलीक्रॉसमध्ये मोटारी आजही खांद्याला खांदा लावून पळतात आणि परस्परांची दारे चेपतात. अमेरिकन क्लबाने हाच खेळ हप्त्यांवर मोटार घेतलेल्या माणसाच्या दृष्टीने सुधारून घेतला आहे: मार्गावर एका वेळी एकच मोटार, आणि प्रतिस्पर्धी म्हणजे कागदावरचा एक आकडा. आकडा दार चेपीत नाही. आयुष्यभर आकड्यांशीच झुंजत आलेल्या माझ्यासारख्याला हा बंदोबस्त पसंत पडला नसता तरच नवल.

वेगाच्या या क्रीडेत प्रवेश करू इच्छिणाऱ्याने प्रथम ध्यानात धरावी अशी गोष्ट म्हणजे तीत वेग अत्यल्प असतो. एक फेरी साधारण मिनिटभराची. दिवसाकाठी अशा मोजक्या फेऱ्या. बाकीचा दिवस, म्हणजे पहाटेच्या दवापासून उन्हे कलेपर्यंतचा, रांगेत, कागदपत्रांत, पायपिटीत आणि उभे राहण्यात जातो. तालुक्याच्या कचेरीत सात-बाराच्या उताऱ्यासाठी ज्याने एकदा तरी दिवस काढला आहे, त्याची या खेळाची निम्मी तयारी झालेली असते.

दिवसाचा प्रारंभ मुचलक्याने होतो. आपण जायबंदी झालो, मोटार उलटली, किंवा आपला देहान्त झाला, तरी त्याबद्दल क्लबावर, जमिनीच्या मालकावर, अथवा त्यांच्या वारसांवर कसलीही फिर्याद करणार नाही, असे त्यावर राजीखुशीने लिहून द्यावे लागते. आपली मोटारीची विम्याची पॉलिसी काढून वाचण्याची बुद्धीही याच सुमारास होते, आणि स्पर्धेत झालेले नुकसान बहुतेक विमा कंपन्या आपल्या कलमांतून आधीच वगळून बसलेल्या असतात, हे कळून चित्त एक प्रकारे निर्वेध होते. गमावण्यासारखे जे आहे ते सर्वस्वी आपलेच आहे.

नंतर झडती. मोटारीच्या पोटात एकही सुटी वस्तू राहता कामा नये असा नियम असल्यामुळे पायपुसणी, जॅक, छत्र्या, चिरंजीवांची एक हरवलेली चप्पल आणि गेल्या सत्यनारायणाचा नारळ असा सारा ऐवज गवतावर मांडून ठेवावा लागला. तपासनीस चाके धरून गदागदा हलवतो, नट आवळलेले आहेत ना पाहतो, बॅटरी जागची हलत नाही याची खात्री करतो. आमच्या डॅशबोर्डावरील गणपतीपाशी येऊन तो थबकला, आणि धर्मभावनेला धक्का लागू नये अशा बेताने एक बोट लावून त्याने विचारले, “हे पक्के बसवलेले आहेत ना?” मी होकार दिला. त्याने मूर्तीलाही चाकाइतक्याच सचोटीने हलवून पाहिले, आणि मग फॉर्मावर खूण केली. शेवटी शिरस्त्राण: त्याच्या आत स्नेल संस्थेची, किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या मान्य संस्थेची, चिठ्ठी हवी. पीट स्नेल नावाचा एक हौशी चालक १९५६ साली शर्यतीत डोक्याला मार लागून गेला. त्याच्या स्नेह्यांनी १९५७ मध्ये संस्था काढली, आणि तेव्हापासून अनोळखी माणसांच्या डोक्यांची काळजी ती वाहत आहे. नवख्याला शिरस्त्राण उसने मिळण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. त्यात आधीच्या अनेक मस्तकांचा घाम नांदत असतो, एवढाच काय तो दोष.

वर्गवारीचे प्रकरण मी मोठ्या आदराने वाचले. मोटार मूळ स्थितीत आहे, थोडीफार सुधारलेली आहे, की मालकाने तिच्यात मूळचे काही शिल्लकच ठेवलेले नाही, हा एक भेद. आणि इंजिनाचे बळ पुढच्या चाकांना मिळते, मागच्यांना की चारींना, हा दुसरा. असे तीन त्रिक नऊ मुख्य वर्ग. जिरायत, बागायत आणि वरकस अशी जमिनीची प्रतवारी लावणाऱ्या आमच्या महसूल खात्याने या पत्रकावर डोळे मिटून शिक्का मारला असता. आमची बापुडी सेडान मूळ स्थितीतील, पुढच्या चाकांची. तिच्या रांगेत उभी असलेली मंडळी भर जूनमध्ये बर्फाचे टायर चढवून आली होती, कारण हिमासाठी कोरलेली खोल नक्षी चिखलातही जमीन धरते. त्यांत हवाही ती चांगली कडक भरतात. हवा कमी असली की चाकोरीच्या काठाला घासून टायर रिमवरून निखळतो.

मार्ग आधी पायी फिरून पाठ करावयाचा असतो. सर्व स्पर्धक हात पाठीमागे बांधून, शंकूंच्या रांगांमधून, मोजणीला आलेल्या भूमापकांच्या गांभीर्याने चालतात. आडवा पाडलेला शंकू कोणीकडून जायचे ते दाखवतो, उभ्याला शिवायचे नाही. शंकू पडला की दोन सेकंद दंड. दोन शंकूंमधली वेस चुकली की दहा. साध्या ऑटोक्रॉसमध्ये उत्तम फेरी तेवढी जमेस धरून बाकीच्यांवर पाणी सोडतात. येथे मात्र सर्व फेऱ्यांची बेरीज होते आणि सकाळची एक चूक संध्याकाळच्या ताळेबंदात निमूटपणे हजर राहते. हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत मला निर्दोष वाटते.

आणि हे शंकू उभे कोण करतो? स्पर्धकच. अर्धे धावतात तेव्हा उरलेले अर्धे मैदानात जागोजाग अग्निशामक नळकांडे आणि वायरलेस घेऊन तिष्ठतात. शंकू पडला की पुढली मोटार येण्यापूर्वी धावत जाऊन तो उभा करतात आणि कचेरीकडे वर्दी देतात. गेल्या वर्षी वर्गात पहिला आलेला इसम माझ्या शेजारी टळटळीत उन्हात उभा राहून जोंधळ्याच्या राखणदाराप्रमाणे शंकूंवर नजर ठेवीत होता. प्रतिस्पर्ध्याचा शंकू पडल्याची वर्दी देताना त्याचा आवाज कर्तव्याने जितका भारावतो, तितका मी लाचलुचपत खात्यातही ऐकलेला नाही.

मिनिटभराच्या प्रत्यक्ष पराक्रमाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो थोडकाच असतो. ओल्या गवतावर पुढच्या चाकांची मोटार जोराने वळणात घातली तर स्टिअरिंग कितीही फिरवले तरी ती कोणाच्याही शब्दाला न जुमानता नाकासमोर जाते. उपाय असा की ॲक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर उचलावा. भार पुढे येतो, चाकांना जमीन सापडते, नाक वळते आणि मागचे अंग बाहेर सुटू लागते. या सुटलेल्या अंगाला भिऊन जो ब्रेक दाबतो तो आल्या दिशेला तोंड करून उभा राहतो. जो धीर धरून पुन्हा ॲक्सिलरेटर देतो तो सरळ होतो. संकट दिसताच थांबावे, ही जी शिकवण आईबापांनी, गुरुजनांनी आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाने आपल्याला दिली, ती येथे क्रमाक्रमाने विसरावी लागते. शेजारी बसलेला अनुभवी शिक्षक सारा वेळ एकच सांगतो, ‘जिथे जायचे तिथे पाहा’. आणि माणूस अट्टहासाने त्या शंकूकडेच पाहत राहतो, ज्याकडे जायचे नसते.

माझ्या पुण्याच्या भाच्याचे मत असे पडले की, ज्याने भर पावसाळ्यात मुंबई–गोवा महामार्ग पार केला आहे त्याने परदेशात पैसे भरून चिखलात जाणे हा शुद्ध अपव्यय होय. भाच्याला एक भेद कळलेला नाही. महामार्गावरच्या खड्ड्याचा जनक शोधून सापडत नाही. येथे प्रत्येक मोटार वळणावरची माती आपल्याच चाकांनी उकरते, चाकोरी फेरीगणिक खोल होते, आणि दुपारी आपण त्याच खड्ड्यात आपटतो जो सकाळी आपण खोदला. ठेकेदार आणि प्रवासी एकाच देहात नांदण्याचा हा योग मी अन्यत्र पाहिलेला नाही. फार खोल झाले की व्यवस्थापक शंकू सरकवून मार्गच हलवतात. हा उपायदेखील आपल्याकडे विचारार्थ पाठवण्याजोगा आहे.

सौभाग्यवती प्रथम आल्या त्या थर्मास आणि चिवड्याचा डबा घेऊन, माझ्या हट्टाच्या साक्षीदार म्हणून. परंतु एका मोटारीवर दोन चालकांनी नाव घालण्याची मुभा आहे, हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातले, आणि ‘नुसते बसून काय करायचे’ एवढ्याच कारणास्तव त्यांनी मुचलक्यावर सही केली. त्यांच्या फेऱ्यांत नेत्रदीपक असे काहीही नव्हते. मोटार कुठे घसरली नाही, माती उडाली नाही, एकही शंकू पडला नाही. मंडईतल्या गर्दीतून वाट काढावी तशी ती सर्व वेशींतून नेमकी गेली. सर्व फेऱ्यांची बेरीज धरण्याच्या ज्या निर्दोष पद्धतीची मी वर तारीफ केली, तिने संध्याकाळी त्यांना माझ्या बरीच वर नेऊन बसवले.

परतीच्या वाटेवर हमरस्त्यावर मोटार हिवताप भरल्यासारखी थडथडू लागली. आता इंजिन गेले, अशी माझी खात्री झाली होती. वास्तविक रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसला की चाकाचा तोल जातो, आणि पाण्याचा जोरकस फवारा मारताच हा दुर्धर विकार नाहीसा होतो. एअर फिल्टरमधून जे निघाले त्यात मेथी लावता आली असती.

हे सारे मी मंचरला आमच्या तात्यांना, म्हणजे थोरल्या चुलत्यांना, फोनवर सांगितले. तात्यांचे आयुष्य बैलगाड्यांच्या शर्यतीत गेलेले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हाही त्यांनी गोठा मोडला नाही. २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी आली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा ग्राह्य धरला, त्या दोन्ही दिवशी त्यांनी आधी बैलांना गूळ दिला आणि मग घरच्यांना. आमच्या भागात घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एका वेळी एकच गाडा सुटतो, आणि त्याची बारी किती सेकंदांत झाली यावर निकाल लागतो. त्यामुळे मला विशेष काही समजावून सांगावे लागले नाही.

“एका वेळी एकच गाडा?” तात्यांनी विचारले.

“होय.”

“सेकंदावर?”

“सेकंदाचेही तुकडे करतात, तात्या.”

“मग ते आपलंच आहे की. पण सरळ पळवायचं सोडून वाकडंतिकडं पळवायचं, ह्यात कसब काय? आपला सर्जा पहिल्या वर्षी आपोआप तसा पळाला होता. बरं, गाडा कुणाचा?”

“माझाच.”

“प्रवेश फी?”

“मीच भरली.”

“आणि ते पाडलेले शंकू?”

“तेही आम्हीच उभे करायचे. अर्धा दिवस, उन्हात.”

तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत.

“बैलाला निदान संध्याकाळी पेंड मिळते,” ते म्हणाले. “असो. घाटाचा राजा कोण झालं?”

“घरापुरतं म्हणाल, तर तुमची सून.”

“मग बारीची हकीकत तुझ्याकडनं काय ऐकायची? फोन सूनबाईकडं दे.”