वाड्यावरच्या लिलावात बोली कशी लावावी

वाटण्या झाल्या, वाडा उतरवायचा ठरला आणि फडताळातली भांडी एकही सून फ्लॅटमध्ये न्यायला तयार होईना, की अंगणात सतरंजी पडते आणि लिलाव पुकारला जातो. इच्छुकाने घरून जेवून निघावे. उपाशी माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस बोली चढवतो.

ताकाला जाऊन भांडे लपवू नये म्हणतात. लिलावाला जाऊन मात्र भांडेच लपवावे लागते. तांब्याचा बंब हवा असेल तर मोडक्या पाळण्यापाशी रेंगाळावे, त्याच्या कड्या वाजवून पाहाव्यात, एखादा उसासाही टाकावा. मग जाता जाता बंबाची तोटी फिरवावी, वाकून बुडाशी डाग दिलाय का ते बघावे, मधल्या नळकांड्यातली काजळी बोटावर घ्यावी आणि चारचौघांत म्हणावे, "गळका दिसतोय."

कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेला मोडवाला हाच तिथला एकमेव शहाणा. तो नक्षी बघत नाही, कुणाची आजी बघत नाही. भांडे हातात तोलतो आणि मोडीचा भाव मनात मांडतो. तो बोलतोय तोवर निर्धास्त बोलावे. तो गप्प झाला की धातू संपला. पुढचा प्रत्येक रुपया ईर्षेचा. दोन चुलतभाऊ एकाच पायलीवर भिडले तर आपण बाजूला होऊन चहा घ्यावा. पायलीने धान्य मोजायचे दिवस गेले, पण त्याच पायलीने आजोबांनी कुणाला किती कमी मापले, तो हिशेब त्यांना आजच चुकता करायचा असतो.

मालक सांगेल, "शंभर वर्षांचा बंब आहे, आजेसासूच्या लग्नातला!" अशा वेळी 1972च्या पुरावस्तू कायद्याची हळूच चौकशी करावी. शंभरी गाठलेली ऐतिहासिक मोलाची वस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, हे कानावर पडताच बंब तीस वर्षांनी तरुण होतो. अडकित्ता दाखवून कुणी पुण्याच्या केळकर संग्रहालयाचे नाव घेतलेच, तर तिथे तो तिकिटाच्या पैशात बघायला मिळतो, एवढेच म्हणावे.

हात मांडीखाली ठेवावेत. समोर व्याही दिसले म्हणून हात हलवला आणि गळ्यात माचा पडला, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. 1930च्या मालविक्री कायद्याचे कलम 64 सांगते, की लिलाव पुरा झाल्याचे पुकारेपर्यंत बोली मागे घेता येते. "तीन वार" व्हायच्या आत ती खुशाल घ्यावी. फक्त व्याह्यांसमोर घेऊन दाखवावी. मालकाने मेव्हण्याला गुपचूप बोलीला बसवून भाव फुगवला, तर सौदा मोडण्याचीही मुभा घेणाऱ्याला आहे. पण मेव्हणा ओळखायचा कसा, यावर कलम मौन पाळते. पाणीही न मागता जो ऐटीत बसलाय, तो नव्हे. जो पाणी वाढतोय, तो.

बंब पदरात पडलाच, तर एसटीत कंडक्टर त्याचे लगेज मागेल. तिथे बोली लावू नये.