कळसूबाईला पाठ

महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर म्हणजे कळसूबाई, १६४६ मीटर. पण पावसाळ्यातल्या रविवारी पायथ्याच्या बारी गावातून निघालात, की ही उंची मीटरमध्ये नव्हे, लोखंडी शिड्यांपाशी खोळंबलेल्या डोक्यांमध्ये मोजावी लागते. वाटेत भजी, मॅगी, लिंबू सरबत. उरलेल्या जागेत निसर्ग. माथ्यावरून अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि भंडारदरा धरणाचं पाणी दिसतं म्हणे. पण वर पोचलेला जो तो डोंगराला पाठ दाखवून मोबाइलकडे बघत हसत असतो. धुकं असलं तर उत्तमच. न बघितल्याची खंतही नाही. खरंच डोंगर बघायचा असेल, तर एखाद्या साध्या बुधवारी या. आणि वेफर्सची रिकामी पाकिटं सोबत न्या. ती आपल्या पायांनी उतरत नाहीत.