अडीचशे घोडे, पाचशे डॉलर

ज्यांच्या ड्राइव्हवेवर नव्वदच्या दशकातली लेक्सस एससी 400 उभी आहे आणि तिच्या टायमिंग बेल्टचे पैसे बाजूला काढल्यावर हातात 500 डॉलर उरतात, अशा अमेरिकेतल्या मराठी गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. बेल्टचे पैसे बाजूला काढले नसतील तर पुढे वाचू नये. टोयोटाने हा बेल्ट साधारण 90 हजार मैलांना बदलायला सांगितला होता. आधीच्या मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "बदललाय बहुतेक." याचा अर्थ बदललेला नाही.

गाडी का घेतली हे घरात समजावत बसू नये. दारं दोनच. मागच्या सीटवर फराळाचे डबे आरामात बसतात, माणसं अवघडून. पण रूप असं की 1991 साली बाजारात आली तेव्हा लोक वळून बघायचे, तसे आजही बघतात. कॅलिफोर्नियातल्या टोयोटाच्या कॅल्टी स्टुडिओत तिचा आकार शोधताना म्हणे प्लास्टर भरलेले फुगे दाबून पाहिले होते, आणि गाडीकडे बाजूने पाहिलं की त्यावर विश्वास बसतो. लांबलचक दारांच्या बिजागऱ्या अशा की दार उघडताना आधी थोडं पुढे सरकतं, म्हणजे इंडियन ग्रोसरीच्या चिंचोळ्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीला लागत नाही. बॉनेटखाली चार लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन, नवं असताना 250 हॉर्सपॉवरचं. 1998 पासून ते 290 झालं. ती गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी आम्हाला गरीब समजून वाचावं.

आता हिशेबाची पद्धत, कारण सगळी गोम तिथेच आहे. 500 डॉलर 'पिकअप वाढवणे' या खात्यात ठेवायचे आणि बाकीचा खर्च इतर खात्यांवर टाकायचा. टायमिंग बेल्ट आणि त्याच्यासोबत बदलायचा वॉटर पंप: देखभाल. टायर: कुटुंबाची सुरक्षितता. पान्ह्यांचा संच: स्थावर मालमत्ता, कारण तो पुढे मुलांना जाणार आहे. असा हिशेब ठेवला की उन्हाळाभर गाडीखाली झोपूनही 500 डॉलर शाबूत राहतात आणि कोणी विचारलं तर खोटं बोलावं लागत नाही.

पहिला मोह इलेक्ट्रिक सुपरचार्जरचा. नाव भारदस्त आहे, वस्तू बहुतेक वेळा बोटीच्या तळातली कोंदट हवा बाहेर काढायला लावतात त्या जातीचा पंखा असते. इथे थोडं गणित करावं. आपलं इंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेत असताना दर दोन फेऱ्यांत चार लिटर हवा ओढायला बघतं, म्हणजे मिनिटाला जवळजवळ 12,000 लिटर. पंखा 12 व्होल्टवर समजा 10 अँपिअर खातो. झाले 120 वॉट, म्हणजे पाव हॉर्सपॉवरसुद्धा नाही. खरा सुपरचार्जर नुसता फिरवायलाच इंजिनाचे कित्येक हॉर्सपॉवर लागतात. तेव्हा हा पंखा इंजिनात हवा कोंबत नाही, तिच्या वाटेत उभा राहतो. घेतलाच असेल तर गाडीखाली काम करताना स्वतःच्या तोंडासमोर धरावा, जुलैत बरं वाटतं.

दुसरा मोह 'परफॉर्मन्स चिप'. काळ्या डबीत काही सेंट किमतीचा एक रेझिस्टर असतो. तो इंजिनाच्या संगणकाला सांगतो की बाहेर कडाक्याची थंडी आहे, पेट्रोल जरा वाढव. संगणक भाबडेपणाने वाढवतो, मग ऑक्सिजन सेन्सरकडे चौकशी करतो आणि सायलेन्सरकडून आलेला खरा वृत्तांत ऐकून बऱ्याच वेळा पुन्हा कमी करतो. सरकारी कचेरीत फाइल अशीच फिरते, फक्त इथे दिवसाला हजारो वेळा.

तिसरा मोह मोकळा शंकूच्या आकाराचा फिल्टर. कंपनीचा कुरूप प्लास्टिकचा डबा बाहेरची गार हवा घेत असतो. तो काढून फेकला की नवा फिल्टर इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढतो. हवा दर 3 अंश सेल्सियसने तापली की तिची घनता साधारण 1 टक्क्याने घटते, आणि बॉनेटखालचं तापमान किती असतं हे हात भाजलेला कोणीही सांगेल. आवाज मात्र जबरदस्त येतो. मंडळाच्या गणपतीला शाळेच्या पार्किंगमध्ये शिरताना तो ऐकून चार माणसं वळतात आणि त्यातलं एक तरी विचारतं, "कितीला पडली?" ज्यांना गाडीपेक्षा हा प्रश्न हवा आहे त्यांनी फिल्टर जरूर लावावा. आमची हरकत नाही.

उरलेल्यांसाठी मुद्दा असा की कारखान्यातून निघालेले 250 घोडे आज तबेल्यात हजर आहेत का, हे आधी पाहावं. याला पैसे लागत नाहीत, पेपरक्लिप लागते. 1995 पर्यंतच्या गाड्यांत बॉनेटखाली निदानाची एक छोटी डबी आहे. तिच्यातली टीई1 आणि ई1 ही दोन टोकं क्लिपने जोडायची, किल्ली फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही. मग 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकून दोन आकडी तक्रार सांगतो: आधी दशक, मग एकक. क्लिप ऑफिसातली चालते. आधी टोकं नीट वाचावीत, भलतीच दोन जोडली तर हा विषय 'आपत्ती निवारण' खात्यात जातो.

त्यानंतर ठिणगी. 1998 आधीच्या या इंजिनात स्पार्क प्लग आठ, आणि डिस्ट्रिब्युटर चक्क दोन, म्हणजे दोन कॅप, दोन रोटर. त्यातलं एखादं झिजलं की गाडी रिकाम्या रस्त्यावर साळसूद चालते आणि चढावर जोर मागितला की अडखळते. मालक म्हणतो, "वय झालं तिचं." वय झालेलं नसतं, कॅप बदललेली नसते. हे सगळं घरच्या घरी, एका शनिवारात बदलता येतं. 500 ला हात लावायची परवानगी इथे आहे, जरी 'देखभाल' खातं खुणावत असलं तरी.

इंजिनाच्या संगणकाच्या पेटीतही डोकवावं. त्या काळच्या टोयोटांच्या पेट्यांमधले कपॅसिटर म्हातारपणी गळतात, आतला द्रव सर्किटवर पसरतो, आणि गिअर विचित्र पडणं, गाडी मध्येच गचके देणं असे प्रकार सुरू होतात. कपॅसिटर डॉलर-दोन डॉलरचे. सोल्डरिंग आपण इंजिनिअरिंगला केलेलं असतं. त्यानंतर वीस वर्षं पॉवरपॉइंट केलेलं असतं, हेही लक्षात ठेवावं आणि हात थरथरत असेल तर ज्याचा तो धंदा आहे त्याच्याकडे पेटी पाठवावी.

पॉवर स्टिअरिंगचा पंप अल्टरनेटरच्या वर बसवला आहे. पंप म्हातारा झाला की ठिबकतो, आणि ठिबकतो तो नेमका अल्टरनेटरवर. नुसता अल्टरनेटर बदलणारे काही महिन्यांनी दुसरा घेतात. स्टार्टरची जागा याहून रम्य: सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या घळीत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. तो बदलायचा तर इंजिनाचं निम्मं डोकं उतरवावं लागतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं कोणी म्हणालं तर वाद घालू नये, त्यांचा हिशेब बरोबर आहे.

आता थोडं गंभीरपणे. वेग वाढवण्याच्या उत्साहात थांबण्याचा विसर पडतो. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात. 2314 लिहिलं असेल तर टायर 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. नक्षी शाबूत दिसली तरी त्याचं रबर आता दगडाशी नातं सांगतं, आणि त्याच्या पकडीवर 250 काय 150 घोडेही रस्त्यावर नीट उतरत नाहीत. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. डॉट 3 प्रतीचं नवं फ्लुइड किमान 205 अंशाला उकळायला हवं. ओल धरल्यावर ती मर्यादा 140 वर येते, मग घाटउतारावर पेडल मऊ लागतं. एक डबा ताजं फ्लुइड, पारदर्शक नळी आणि पेडल दाबायला घरातलं कोणीतरी, एवढ्यात काम होतं. "दाब... धर... सोड" हे कितीही प्रेमाने म्हटलं तरी तिसऱ्या चाकापर्यंत आवाज चढतोच, म्हणून मदतनीस शक्यतो शेजारचा घ्यावा. पुढचे खालचे बॉल जॉइंट ढिले आहेत का तेही याच दिवशी तपासावं. ते निसटले तर चाक गाडीला सोडून आपल्या दिशेने जातं. कुरकुरणारे रबरी बुश बदलून अलाइनमेंट करून घेतली की गाडी वळणावर एकदम दहा वर्षांनी लहान होते. याबद्दल पार्किंगमध्ये कोणीही काहीही विचारत नाही.

वजनाचा विचार सगळ्यात स्वस्त. गाडी सोळाशे किलोंच्या वर आहे. त्यातले 45 किलो काढले तर हिशेबाने सात हॉर्सपॉवर वाढल्यासारखं होतं. डिकी उघडावी: गेल्या वर्षीच्या सहलीची फोल्डिंग खुर्ची, तांदळाची वीस पौंडी पिशवी, 'मंडळाचे साहित्य' असं लिहिलेलं खोकं. मंडळाचं साहित्य परत करावं, ही संधी पुन्हा येत नाही. स्टेपनी आणि जॅक मात्र काढू नयेत. उरलेलं वजन कुठून कमी करायचं यावर घरच्या डॉक्टरांनी मत दिलेलंच असेल.

आणि गिअरच्या जवळ 'पीडब्ल्यूआर' लिहिलेलं एक बटण आहे, ते दाबावं. गिअर उशिरा वर चढतात, खालचा लवकर पडतो. खर्च शून्य. इतकी वर्षं ते दाबलं नव्हतं हे कोणाला सांगू नये.

एवढं झाल्यावर कोणीतरी मित्र येऊन म्हणेल, "यापेक्षा एससी 300 घ्यायची होतीस, तिचं इंजिन सुप्राच्या घराण्यातलं, टर्बो लावला की विमान." त्याला चहा द्यावा. टर्बोचा खर्च किती, गिअरबॉक्स टिकेल का, हे विचारू नये, कारण तो सांगेल, आणि तोवर रात्रीचे अकरा वाजतील.

शेवटचा भाग, सिग्नलवरचा. नवी असताना ही गाडी 60 मैलांचा वेग सात सेकंदांच्या आसपास गाठत असे. तुम्ही सगळं नीट केलंत, पेट्रोल प्रीमियम भरलंत, की ती पुन्हा तिथे जवळपास पोचते. शेजारी 2018 ची व्ही-सिक्स कॅमरी उभी असेल, 301 हॉर्सपॉवरची, मागे चाइल्ड सीट, आत सॉकरहून परतणारी मुलं. हिरवा लागला की ती पुढे निघून जाईल. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा, मान उजवीकडे वळवून रेडिओचं बटण शोधावं, आणि पुढच्या सिग्नलला ती पुन्हा शेजारी आली व मुलांनी काच खाली करून "नाइस कार!" म्हटलं, तर हात हलवावा.