गोदावरीबाईंना दिंडी दरवाजा देण्याबाबत

श्रीमती गोदावरीबाई ऊर्फ गोदी,
मुक्काम फ्रीजच्या डोक्यावर, दुसरा मजला, इसामिया बाजार, कोठी, हैदराबाद
यांसी सा. न. वि. वि.

आपली मागणी पोचली. ती पहाटे चारला पोचते, पाचला पुन्हा पोचते आणि दुपारी डोळा लागता लागता तिसऱ्यांदा स्मरणपत्र येतं. मागणी लेखीच म्हणायला हवी, कारण स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आपण ती स्वहस्ते कोरली आहे. पॉलिश केव्हाच गेलं. आता सागवानाचे तंतू निघतात. आई रोज सकाळी तिथला भुसा सुपलीत गोळा करते आणि ‘आज एवढा’ म्हणून मला चहाच्या आधी दाखवते. बायको काही दाखवत नाही, नुसती दाराकडे बघते. ते जास्त लागतं.

पत्र खुलं लिहितो आहे, कारण बंद पाकीट आपल्याला वाचायला नाही, बसायला लागतं.

दार उघडलं की आपण बाहेर जात नाही, ही माझी पहिली तक्रार. आपण उंबरठ्यावर बसता. पुढचे दोन पाय गच्चीच्या राज्यात, मागचे दोन स्वयंपाकघरात, आणि शेपूट बरोबर तिथे, जिथे दार लागलं की चिमटेल. मग आपण हवा हुंगता. इंग्रज रेसिडेंटनंसुद्धा दरबारात यायला एवढा वेळ घेतला नसेल. आणि मी लुंगीवर, एका हाताने कडी धरून, ताटकळत उभा.

रेसिडेंट म्हणजे निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा वकील; त्याचं नाव मुद्दाम काढलं. आपण राहता तो भाग कोठी; हे नाव पडलं ते त्याच्याच हवेलीवरून. त्यामुळे आपल्याला घरात कुणी घेतलं आणि कोणत्या अटींवर, हे इतिहासाच्या आधारानेच बोलू. 1795 साली खर्ड्याला मराठ्यांनी निजाम अलीला हरवलं. त्या धास्तीत असलेल्या निजामानं 1798 मध्ये इंग्रजांशी तह करून तैनाती फौज पदरी घेतली. फौज इंग्रजांची, खर्च निजामाचा, वर्षाला 24 लाखांच्या वर. आमचं खर्डा तांदळाच्या डब्यापाशी झालं. उंदरांनी डबा पाडला, पोह्यांची पिशवी फोडली, आणि ग्रंथसंग्रहालयातून आणलेल्या पुस्तकाचा पुठ्ठा खाल्ला, तोही चरित्राचा. कादंबऱ्यांना तोंड लावलं नाही. मग लेकीनं गल्लीतून आपल्याला उचलून आणलं आणि आम्ही घाबरलेल्या निजामासारखे ‘राहू दे’ म्हणालो. (या उपमेत मराठ्यांच्या जागी उंदीर येतात हे माझ्या लक्षात आलं आहे. वाचकांनी ते ताणू नये. साहित्य परिषद याच गल्लीत आहे आणि मला तिच्यावरूनच भाजी आणायला जावं लागतं.)

तहानंतर आपण किती उंदीर धरलेत हा हिशेब मी मागत नाही. मागितला तर बोलणी इथेच फिसकटतील. आपण एकदा पाल आणून आईच्या पूजेच्या पाटावर ठेवलीत, ती नजराणा म्हणून जमा धरली आहे.

माझी खरी भीती पुढची आहे. तैनाती फौजेचा इतिहास शाळेत ज्याने पाठ केला, त्याला ती कळेल. 1800 साली दुसरा तह झाला आणि रोख पैशाऐवजी निजामानं मुलूखच तोडून दिला. त्यात कडप्पा गेला, बळ्ळारी गेली. 1853 मध्ये दुसऱ्या एका फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड गेलं आणि ते निजामाच्या हाती पुन्हा कधी धड आलं नाही. आता आमच्या घरात बघा. आमचाही आधी कडप्पाच गेला. ओट्यावर गॅसच्या डाव्या अंगाला आपण बसता आणि पोळ्या उजवीकडे लाटल्या जातात. बळ्ळारी म्हणजे वडिलांची आरामखुर्ची, ती दिवाळीच्या सुमारास गेली. आणि वऱ्हाड, म्हणजे गादीचा मधला भाग, थंडीत आपल्या ताब्यात असतो. आम्ही नवराबायको दोन कडांना सरहद्दीवरच्या चौक्यांसारखे. एवढं सगळं दिल्यावर आता आपल्याला स्वतंत्र दरवाजा हवा. येण्याजाण्याला कुणाची परवानगी लागणार नाही असा, आपल्या मर्जीने उघडणारा. यालाच सार्वभौमत्व म्हणतात ना?

तरीही मी नाही म्हटलं नाही. आधी कागदावर आकृती काढली आणि तिथे घोटाळा झाला. भोक नेमकं केवढं दिसेल ते सगळ्यांना कळावं म्हणून मी वर्तमानपत्राच्या अख्ख्या पानावर दाराची खालची फळी खऱ्या मापात काढली, तिच्यात चौकोन काढला आणि ते पान दारावर चिकटवलं. आईनं पाहिलं आणि म्हणाली, ‘यातून चोर येईल.’ मी म्हटलं, चोराचं डोकं तरी जाईल का यातून? ती म्हणाली, ‘लहान चोर.’ प्रस्ताव फेटाळला गेला.

यावरचा उपाय मला आपल्या शेजारच्या इमारतीनेच शिकवला. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटला हवेलीसाठी जागा हवी होती. त्यानं भलामोठा नकाशा करून निजामापुढे मांडला आणि निजामानं नकार दिला. रेसिडेंट चक्रावला. तेव्हा दरबारातल्या जाणत्यानं हसून कारण सांगितलं: हुजुरांनी स्वतःच्या सगळ्या मुलखाचा पाहिलेला नकाशाही जवळजवळ एवढाच होता, एवढी जमीन कोण देईल? मग तोच नकाशा एका छोट्या कार्डावर काढून नेला आणि निजामानं आनंदानं होकार दिला. हा किस्सा जॉन माल्कमनं लिहून ठेवला आहे. हवेली उभी राहिली ती अशी, आणि तीही निजामाच्याच पैशानं: सहा उंच खांब, रुंद पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन बाजूंना दोन सिंह. आपले नातेवाईकच ते. पुढे तिथे मुलींचं कॉलेज आलं, आता विद्यापीठ आहे.

मी तेच केलं. एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला अंगठ्याएवढं दार काढलं आणि त्यात मुगाच्या डाळीएवढं भोक. आईनं चष्मा लावून पाहिलं. ‘एवढंसंच?’ म्हणाली. मंजूर.

त्यानंतर तिला दाखले दिले, म्हणजे नंतर बोल नको. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तींना थोपवायला अणकुचीदार खिळे आहेत, आणि त्याच दाराच्या एका फळीत माणसापुरती दिंडी आहे. रोजची ये-जा तिथूनच. मोठं दार उघडायचं म्हणजे दहा माणसं आणि तेवढीच कारणं लागायची. आपण मागता ती दिंडीच, फक्त तिथे माणसाला वाकावं लागायचं आणि इथे आपल्याला वाकायचं नाही. परदेशातलाही दाखला आहे. इंग्लंडमधल्या एक्झिटर शहराच्या मोठ्या चर्चमध्ये जुन्या घड्याळाखालच्या दाराला एक गोल भोक आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरीला बिशपच्या हुकमानं पाडलेलं. घड्याळाच्या यंत्राला चरबी लावत, चरबीला उंदीर येत आणि उंदरांमागे मांजर जावं म्हणून दाराला भोक. त्याच चर्चच्या चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या जमाखर्चात मांजराच्या पोटगीची रक्कम तिमाहीला 13 पेनी अशी घातलेली आहे, म्हणजे आठवड्याला एक. आईला दरवाजापेक्षा ही पगाराची गोष्ट पटली. ‘म्हणजे ती कामाला होती,’ असं म्हणून तिनं आपल्याकडे पाहिलं. आपण तेव्हा वऱ्हाडात झोपला होता.

मग सुतार आला. कोठीतलाच, हत्यारांची पिशवी स्कूटरला लावून. त्यानं दार पाहिलं, आपल्याला पाहिलं आणि म्हणाला, ‘बिल्ली तो खिडकी से जाती साब, दरवाजे में होल कायकू?’ मी म्हटलं, खिडकीला डासांची जाळी आहे. त्यानं मान डोलावली. डास हे कारण हैदराबादेत कुणालाही सांगावं लागत नाही. इथून काही मैलांवर सिकंदराबादला 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला आणि 1902 मध्ये नोबेल घेतलं. त्याच्या वाटेला डास आले होते, आमच्याही येतात; नोबेल तेवढं येत नाही. तेव्हा भोकाला नुसतं भोक ठेवून चालणार नाही, झडप हवी, तिला कडेने ब्रशची झालर हवी आणि आपण आत आल्यावर ती आपोआप मिटायला हवी.

आता मापाचं. आपल्या गळपट्टीचं हाड दुसऱ्या हाडांना जोडलेलं नसतं, मांसात तरंगतं. म्हणून डोकं गेलं की खांदे मागोमाग जातात, आणि डोकं जाईल का हे आपण मिशांनी आधी मोजता. झडपेचं भोक साधारण सहा इंच रुंद, तेवढंच उंच असतं आणि खालची कड आपल्या पोटाच्या उंचीला लागते. हे सगळं तब्येत बेताची असलेल्या मांजराला धरून. आपल्या बाबतीत सुतारानं टेप आधी दाराला लावला, मग आपल्याला आणि मग पुन्हा दाराला. ‘सात रखते,’ म्हणाला.

खरा प्रश्न आपला नाही, त्या फाटक्या कानाच्या बोक्याचा आहे. आपण गच्चीवर त्याच्याशी काय बोलता त्यात मी पडत नाही. पण बोक्याचं साधणं आणि शिंकं तुटणं यांची गाठ पडायला आमच्याकडे शिंकं नाही, फ्रीज आहे, आणि भोक असल्यावर गाठ पडायला वाट कशाला बघावी लागेल? यावर उपाय निघाला आहे म्हणे. तांदळाच्या दाण्याएवढी चिप मांजराच्या खांद्यांमध्ये कातडीखाली टोचतात, झडप तो आकडा वाचते आणि त्याच मांजराला आत घेते. त्या चिपेत 15 आकडी क्रमांक असतो. माझा आधार 12 आकडी आहे. नागरिकत्वात आपण माझ्यापुढे तीन घरं गेलात, तेही त्या बोक्याला बाहेर ठेवून. चिपेपेक्षा स्वस्त झडप चुंबकाची, गळपट्ट्यात लोहचुंबक अडकवायचं. पण आपण गळपट्टा आजवर किती वेळ टिकवलात ते लेकीला विचारा. दुसरा गळपट्टा तिला गच्चीवरच्या टाकीत सापडला.

दाराची धास्ती शेजारच्या हवेलीनंही, म्हणजे रेसिडेन्सीनंही, घेतली होती. 1857 च्या 17 जुलैला तिच्यावर चाल झाली. तुर्रेबाझ खान आणि मौलवी अल्लाउद्दीन पुढे होते. चाल परतवली गेली, पण रेसिडेंटनं त्यानंतर तटबंदी वाढवली, बुरूज बांधले. इंग्रजांना दार म्हणजे धोका, हे तिथे कळलं. आपण मात्र बरोबर उलटं मागता आहात, आणि मागताना निजामासारखं नाही, रेसिडेंटसारखं.

असो. आता अडचण घरमालकांची. करारात स्पष्ट लिहिलं आहे की भिंतीला खिळा ठोकायचा तर विचारून ठोकावा. दाराला भोक पाडण्याबद्दल करार काही बोलत नाही, कारण तो करणाऱ्याच्या डोक्यातच ते आलं नसणार. मी विचारायला गेलो नाही. विचारलं की उत्तर मिळतं. सुतारानेच तोड काढली: जुनं दार आहे, चौकटीत बसवलेल्या फळ्या आहेत, तर खालची सागवानी फळी अलगद काढून ठेवायची आणि तिथे तेवढ्याच मापाचं प्लायवूड बसवून त्यात झडप बसवायची. घर सोडताना प्लायवूड काढायचं, सागवान पुन्हा जागच्या जागी. कोठीत भाड्याने राहून सुताराला भोक पाडायला सांगणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, मूळ लाकडाला हात लावू नये. भोक प्लायवूडला पाडावं, दुःख डिपॉझिटला होऊ देऊ नये.

तेव्हा मसुदा असा. दरवाजा दिला. वापर फक्त आपला. पाहुण्यांना, विशेषतः फाटक्या कानाच्या पाहुण्यांना, तो खुला नाही. पाल, झुरळ, चिमणीचं पीस असा कुठलाही नजराणा झडपेतून आत आणता येणार नाही. नजराणा गच्चीवरच स्वीकारला जाईल, तोही मी चप्पल घातल्यावर. कडप्पा परत मिळावा अशी आमची विनंती आहे. वऱ्हाडाबद्दल आम्ही थंडी संपल्यावर बोलू. दाराच्या बाकी भागावर नखं लावायची नाहीत. लावायचीच असतील तर प्लायवूडवर लावावीत, ते स्वस्त आहे. काढून ठेवलेली सागवानी फळी जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवणार आहे. पलंगाखालचा मुलूख आपलाच, हे मला ठाऊक आहे, पण त्या चादरीला हात लागता कामा नये. आमचं डिपॉझिट तिच्यात झोपलेलं आहे.

आणि एक. घरमालक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतात. भाडं मोबाइलवरून जातं, तरीही येतात. चहा घेतात, नळ बघतात, छताकडे मान वर करून ओल शोधतात. त्यांची नजर खाली येईल तेव्हा आपण झडपेसमोर बसून राहायचं आहे. सुताराच्या टेपनं आपली रुंदी आणि झडपेची रुंदी दोन्ही मोजल्या आहेत, काळजी नाही, झाकली जाते. मधेच उठून बाहेर जायचं नाही. ते जिना उतरले की साय मिळेल.

आपला मांडलिक,
(दारापाशी उभा असलेला)