चौकशीला आलोय

पाळणाघराच्या चौकशीला आलेलं कुटुंब फाटकापाशीच ओळखू येतं. पुढे आजी, तिच्यामागे पोराला कडेवर घेतलेली आई, आणि सर्वांत मागे मोबाइलवर 'हां, फर्नेस बंद मत करना' असं कुणाला तरी सांगत येणारा बाप. चेहरे मात्र मुलगी बघायला आल्यासारखे. नाकारायचा हक्क आपलाच, असा त्यांचा पक्का समज असतो.

आमच्या काकूंबद्दल हा समज करून घेणारी माणसं मी गेली नऊ वर्षं बघतो आहे. माझी खिडकी त्यांच्या ओसरीवर उघडते. त्यामुळे हे ऐकीव नाही, ऐकलेलं आहे.

रायपूरचे मराठी म्हटलं की लोकांना तात्यापारा आठवतो, नाहीतर चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ. आम्ही बीरगावचे. गोंदिया-भंडाऱ्याहून कारखान्यांच्या मागे आलेले. गाव रायपूरला चिकटलेलं, पण महापालिका स्वतःची, आणि धूळही स्वतःची. एका अंगाला उरला, पुढे सिलतरा. नवरा उरल्याला, बायको रायपुरात, आणि मग जे काही उरलं ते काकूंकडे, हा विनोद इथल्या प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी केलेला आहे. काकू त्यावर हसत नाहीत. त्यांच्याकडे अशी अकरा उरलेली आहेत.

आजीचं पहिलं काम खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवणं. स्पंज आयर्नच्या कारखान्यांजवळ राहणाऱ्याला बोटाचा रंग आधीच माहीत असतो. पण आजी नुकतीच वर्ध्याहून आलेली असते. ती ते काळं बोट सगळ्यांना दाखवते. काकू फडकं पुढे करतात.

"सकाळपासून तीनदा पुसलं जी. ही धूळ माझी नाही. तुमच्या मुलाच्या कंपनीची आहे."

मग आई बोलते. तिच्याकडे यादी असते. पोराला उजव्या कुशीवर झोपवायचं, वरण गाळून द्यायचं, टीव्ही नको, रागावायचं नाही, आणि घरात मराठीच बोलायचं. यातल्या शेवटच्या अटीपाशी काकू थांबतात. त्यांच्या ओसरीत छत्तीसगढीचं राज्य आहे. मदतीला येणारी बाई सगळ्या पोरींना 'नोनी' म्हणते, आणि मराठी घरातलं पोर चौथ्या दिवशी 'मोला भूख लागत हे' म्हणायला लागतं. काकूंचं म्हणणं, लेकराले भूक लागली हे कळलं म्हणजे झालं, कोणत्या भाषेत लागली ते नंतर बघू.

पैशाची गोष्ट निघाली की बाप फोन ठेवतो. इथे एकेक वकिली डोकं बघावं! आमचा काही खातच नाही, मग जेवणाचे वजा करा. आमची दुपारभर झोपते, म्हणजे तुम्हाला सांभाळावं असं लागतंच कुठे? शनिवारी अर्धा दिवस, तर महिन्याचे दोन दिवस सुटले. तीजाला बायको माहेरी जाणार, ते आठ दिवस कशाला धरता? एकाने हिशेब करत करत रक्कम इतकी खाली आणली की अजून पाच मिनिटं बसला असता तर काकूंनाच त्याला देणं लागलं असतं. काकू सगळं ऐकून घेतात आणि आकडा पुन्हा पहिलाच सांगतात. आवाज चढत नाही, आकडा उतरत नाही.

सगळ्यांत रंगला तो एका कारखान्यातल्या कार्मिक विभागाच्या गृहस्थांचा प्रसंग. ते कागद घेऊनच आले होते. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. गृहस्थांनी '४ वेळा' खाली लाल रेघ मारली होती. "माझी मिसेस चार वेळा येईल. कायदाच आहे."

काकूंनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. "चांगला आहे हो भाऊ कायदा. पण हा कंपनीसाठी दिसतो. तुमच्या कंपनीत किती माणसं?"

"सहाशे."

"मग हा तुमच्या साहेबांना दाखवा ना."

गृहस्थ जरा घुटमळले. "साहेब मीच आहे," म्हणाले.

त्यांचं पोर आज काकूंकडे आहे. आई दिवसातून एकदा येते, संध्याकाळी, न्यायला.

लोकांना वाटतं ते काकूंची परीक्षा घेतात. काकू त्या वेळात चहा ठेवतात आणि पोराला खाली सोडायला सांगतात. पोर कुठे जातं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ते पडल्यावर कोण उठतं, ते त्या बघतात. आई उठली तर ठीक. बाप उठला तर फारच ठीक. दोघं एकमेकांकडे बघत बसले, तर काकू वही उघडतात आणि जिभेला बोट लावून पानं उलटतात. "दिवाळीनंतर बघू जी." बाहेर अकरा जोड छोट्या चपला आणि आत ऐसपैस ओसरी बघूनही कुणी विचारत नाही, की दिवाळीला काय होणार आहे. होळी झाल्यावरही त्या दिवाळीनंतरच म्हणतात.

फसल्या त्या एकदाच. तात्यापाऱ्यातून एक आजोबा नातवासाठी चौकशीला आले. चौकशी एका बैठकीत होत नाही, असं त्यांचं मत होतं. मी रोज येऊन बसेन, आठवडाभर बघेन आणि मग सांगेन. काकूंनी दाराशी खुर्ची दिली. आजोबा खुर्चीतून देखरेख करू लागले. पोरांना गप्प बसवायला ते माधवराव सप्रे सांगत: १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारा मराठी माणूस, दासबोध हिंदीत नेणारा, आपल्या तात्यापाऱ्यात राहिलेला. "बालपणीचे संस्कार हो!" अडीच वर्षांच्या श्रोत्यांपैकी एकाने त्यांची काठी पळवली होती.

"सप्र्यांना लहानपणी कोण सांभाळत होतं जी?" काकूंनी आतून विचारलं. आजोबांना ते माहीत नव्हतं. ती दुपार शांत गेली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खिचडीची चव घेतली. चवथ्या दिवशी वाटी मागितली. पाचव्या दिवशी दीड वाजता काकूंनी पोरांच्या सतरंज्या अंथरल्या, तेव्हा आजोबा खुर्चीतच घोरत होते, आणि मदतनीस बाईने कुणी न सांगता त्यांच्या अंगावर बदकांचं पांघरूण टाकलं.

महिनाअखेरीस आजोबांचा मुलगा पैसे द्यायला आला. त्याने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

"काकू, हे दुप्पट झालंय."

काकूंनी वही त्याच्यापुढे सरकवली. त्याच्या आडनावापुढे लिहिलं होतं, 'लेकरं २'. खाली बारीक अक्षरात: 'मोठ्याला मीठ कमी'.