कसोटीचे शिरस्तेदार

गिरगावातील अब्रूदार म्हणवणाऱ्या कोणत्याही चाळीत, बिऱ्हाडे कितीही बदलली आणि जिन्याच्या पायऱ्या कितीही झिजल्या तरी, कसोटी सामन्यांचा समग्र भार स्वतःच्या शिरावर घेऊन बसलेला एक तरी पेन्शनर असतोच; आणि हा भार त्याच्यावर कोणी, कोणत्या हुकुमान्वये टाकला व त्याबद्दल त्याला मोबदला काय मिळतो, याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. आमच्या चाळीत हे पद शिरस्तेदारांकडे होते. दिवाणी कोर्टातून ते निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला होता आणि त्यांचे खरे नाव पोस्टमनखेरीज कोणाच्या ओठी उरले नव्हते. परंतु दरखास्ती, कैफियती आणि तारखा यांच्या सहवासात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाला पाच दिवस चालणारा, रोज सायंकाळी तहकूब होणारा, त्या काळी मध्येच एक दिवस विश्रांतीची सुटी घेणारा आणि एवढे सारे होऊन बहुधा निकालावाचून दप्तरी दाखल होणारा खेळ आपलासा वाटावा, यात नवल ते काय? फुटबॉलसारखे दीड तासात फैसला करून मोकळे होणारे खेळ त्यांना फौजदारी वाटत, आणि फौजदारीविषयी दिवाणीकडच्या माणसाचे मत काय असते ते सर्वश्रुत आहे.

शिरस्तेदारांचा सिद्धांत एकच होता, आणि तो म्हणजे हिंदुस्थान हरणार. नाणेफेक हरली तर प्रश्नच नव्हता. जिंकली तर “आता पहिली बॅटिंग घेतील आणि जेवणाच्या आत निम्मे परततील” असे त्यांचे भाकीत असे. सलामीची जोडी जमली की ते अधिकच अस्वस्थ होत, कारण जमलेली जोडी फुटली की मागचे चार एकदम जातात असा त्यांचा अनुभव होता. अखेर एखादा गडी बाद झाला की मांडीवर थाप मारून ते “संपलं!” असा उद्गार काढीत; त्यात शोक असेच, पण आपला साक्षीदार उलटतपासणीत फुटला नाही हे पाहून वकिलाच्या मुद्रेवर जे समाधान पसरते, तेही त्यात थोडे मिसळलेले असे. नवख्या माणसाला हे गृहस्थ परपक्षाला फितूर आहेत असे वाटे. माझे मत निराळे आहे. नियती ही त्यांच्या लेखी कान टवकारून बसलेली एक खाष्ट अंमलदारीण होती. कोणी मोठ्याने आशा व्यक्त केली रे केली, की ती त्या आशेवर जप्ती आणते. म्हणून आपली होती नव्हती तेवढी स्थावरजंगम आशा शिरस्तेदारांनी निराशेच्या नावावर बेनामी चढवून ठेवली होती, आणि खरा मालक कोण हे ते स्वतःच्या बायकोलाही कळू देत नसत.

हा स्वभाव जन्मजात नव्हता. त्याला दस्तऐवजी पुरावा होता. लाल फडक्यात बांधलेले एक लांबोडके दप्तर त्यांच्यापाशी असे आणि त्यात प्रत्येक कसोटीची नोंद, धावा, बळी आणि शेवटी शेरा, अशा रकान्यांत केलेली असे. 1952 सालच्या इंग्लंड दौऱ्यातल्या लीड्सचे पान त्यांनी एकदा मला दाखवले. पहिल्या डावात विजय मांजरेकरने 133 आणि हजाऱ्यांनी 89 धावा काढल्या, तेव्हा आयुष्यात प्रथमच त्यांच्या तोंडून भर गॅलरीत “या खेपेला काही खरं दिसतंय” असे शब्द निघून गेले. आणि दुसऱ्या डावात, पहिलीच कसोटी खेळणाऱ्या ट्रूमन नावाच्या पोराने बेडसरला हाताशी धरून, फलकावर एकही धाव लागलेली नसताना चार गडी तंबूत धाडले. शून्य धावा, चार बाद! तो आकडा तांबड्या शाईने लिहून शिरस्तेदारांनी शेऱ्याच्या रकान्यात नोंद केली होती, “सबब: आमचे बोलणे.” त्याच दौऱ्यात मँचेस्टरला आपला संघ एकाच दिवसात दोनदा, 58 आणि 82 धावांत, गारद झाला, परंतु त्याची जबाबदारी त्यांनी साफ नाकारली. त्या सबंध आठवड्यात आपण क्रिकेटविषयी अवाक्षर काढले नव्हते, हे शपथेवर सांगण्यास ते तयार होते.

1949 चे ब्रेबॉर्न मैदानावरचे प्रकरण मात्र ते अद्याप प्रलंबित मानीत. वेस्ट इंडीजविरुद्ध जिंकायला 361 धावा हव्या होत्या. हजाऱ्यांनी 122 धावा करून पाया घातला, फडकर शेवटपर्यंत पाय रोवून उभा होता, 8 बाद 355 पर्यंत मजल गेली, आणि षटकातला एक चेंडू बाकी असताना, घड्याळातही अवकाश असताना पंचांनी बेल्स उचलल्या. त्या दिवशी शिरस्तेदार ईस्ट स्टँडमध्ये जातीने हजर होते. सहा धावा आणि एक चेंडू यांचा हिशेब ते ज्या तपशिलाने मांडीत, त्यावरून या निर्णयावर अपील व्हावयास हवे होते आणि मुदतीच्या कायद्याची आडकाठी नसती तर ते त्यांनी स्वखर्चाने केले असते, याविषयी ऐकणाराची खात्री पटे. त्यानंतर त्यांनी मैदानाचे तोंड पाहिले नाही. समोर बसले की नजर चेंडूवर राहते आणि खेळ निसटतो, असे त्यांचे म्हणणे. मला वाटते, एवढी मोठी फसवणूक पुन्हा डोळ्यांदेखत व्हावी हे त्यांना सोसले नसते.

खेळाडूंपैकी त्यांचे खरे प्रेम बापू नाडकर्णींवर. 1964 च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध नाडकर्णींनी एका डावात 32 षटकांपैकी 27 निर्धाव टाकली, त्यांतली 21 सलग, आणि अवघ्या 5 धावा दिल्या. बळी एकही नाही. तरुण मंडळी या आकड्यांना हसत. शिरस्तेदार मात्र ते पृथक्करण देवपूजेतल्या स्तोत्रासारखे तोंडपाठ म्हणत. चेंडू जातो, परत येतो, कोणाचे नुकसान होत नाही, कोणाचा फायदा होत नाही, आणि कामकाज नियमाप्रमाणे चालू राहते. राज्यकारभाराचीही त्यांची याहून वेगळी कल्पना नव्हती. उलट 1958-59 च्या मोसमात निवड समितीने वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाच कसोट्यांत चार कप्तान खर्ची घातले, तेव्हा मात्र, एवढ्या बदल्या आमच्या दिवाणी कोर्टातही झाल्या नाहीत, असे ते संतापाने म्हणाले होते.

रेडिओ त्यांचा नव्हता. पोस्टात जाऊन दरसाल लायसन्सची फी भरून आपला पराभव ऐकावा हे त्यांच्या हिशेबी वृत्तीला मानवत नसे. शेजारच्या खोलीत विमा कंपनीत नोकरी करणारा एक तरुण राहत असे, त्याच्या दाराशी हे खुर्ची टाकून बसत. पण एकदा बसले की रेडिओ, खोली आणि गॅलरी यांवर अंमल त्यांचाच. खेळपट्टीवर जोडी जमली की “जैसे थे” असा हुकूम सुटे. जो जिथे, ज्या अवस्थेत असेल, त्याने तिथेच, त्याच अवस्थेत राहायचे. खालच्या मजल्यावर उसनी साखर मागायला निघालेला एक मुलगा अशाच एका भागीदारीच्या वेळी जिन्यात सापडला, आणि हातातली रिकामी वाटी छातीशी धरून, एक पाय वरच्या आणि एक खालच्या पायरीवर अशा स्थितीत, चहापानापर्यंत उभा राहिला. त्याच्या आईने वरून हाका मारून पाहिल्या. शिरस्तेदारांनी तिला बजावले, “वहिनी, साखर पळून जात नाही, विकेट जाते.”

1971 च्या ओव्हल कसोटीचा शेवटचा दिवस नेमका गणेश चतुर्थीला आला. आदल्या दिवशी चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव 101 धावांत गुंडाळला होता, आणि सबंध चाळ आनंदात असताना शिरस्तेदार एकटे चिंतातुर होते: “एकशे एक? एवढ्या स्वस्तात कोणी काही देतं का? यात कुठं तरी बोजा असणार!” जिंकायला 173 हव्या होत्या, 2 बाद 76 झाल्या होत्या. आपल्याकडच्या चारच्या सुमारास खेळ सुरू झाला, आणि एका धावेचीही भर पडण्यापूर्वी कप्तान वाडेकर धावचीत झाला. “संपलं!” हा उद्गार इतका मोठा होता की तळमजल्यावर मखराशी पेंगणारी पोरे दचकून उठून बसली. मग सरदेसाई आणि विश्वनाथ ठाण मांडून उभे राहिले. नेमक्या त्याच वेळी शिरस्तेदारांच्या पत्नी खिरापतीचे तबक घेऊन दारात आल्या होत्या, त्या तशाच अडकल्या.

“अहो, पाय भरून आले माझे,” त्या थोड्या वेळाने म्हणाल्या.

“अगं, सरदेसाई तिकडं लंडनात उभा आहे, तुला चाळीत उभं राहवत नाही?”

सरदेसाई 40 वर बाद झाला, आणि त्याच क्षणी तबक उंबऱ्यावर ठेवले गेले होते असा पुरावा शिरस्तेदारांनी तत्काळ पुढे केला. बाईंचे म्हणणे, तबक नंतर ठेवले. हा वाद त्या घरात, माझ्या माहितीप्रमाणे, कधीच मिटला नाही. उपाहाराच्या सुटीत आरती उरकून घ्यावी अशी समंजस सूचना विम्याच्या तरुणाने मांडली, तेव्हा चालू कामात दुसरे काम घेता येत नाही या मुद्द्यावर ती फेटाळण्यात आली. खरे कारण वेगळे असावे. गणपतीपुढे हात जोडले म्हणजे मनातले त्याला कळणार, आणि मग इतकी वर्षे सांभाळलेला बेनामी व्यवहार उघड्यावर येणार!

पोरांना मात्र कायद्याची चाड नव्हती. उपाहारानंतर 170 धावसंख्येवर विश्वनाथ बाद झाला, तीन धावा उरल्या, शिरस्तेदारांनी डोळे मिटले, आणि खाली झांजा, टाळ व घंटा एकदम दणाणल्या. लघुलहरींची खरखर आधीच होती, तिच्यात आता आरतीची भर पडली. शिरस्तेदारांनी रेडिओच्या कापडाला कान लावला. आतून गर्जना ऐकू आली. पण ती कोणाच्या बाजूची हे समजेना. विम्याच्या तरुणाने टुणकन उडी मारली, “अबीद अलीनं चौकार मारला!” असे ओरडत तो जिन्याकडे धावला आणि त्याच्यामागून सारी गॅलरी रिकामी झाली. “कोणी जागचं हलू नका! तीन बाकी आहेत!” असे सांगत शिरस्तेदार एकटेच खुर्चीवर बसून राहिले. रात्रीच्या बातम्यांत निकालाची रुजुवात झाली तेव्हा कोठे ते उठले, खाली गेले, आणि बाप्पासमोर उभे राहून, हात न जोडता, नुसतीच मान हलवून आले.

दप्तरात नोंद झाली: विजय, चार गडी राखून. शेऱ्याचा रकाना मात्र त्यांनी कोरा ठेवला, कारण इतक्या वर्षांत तेथे तक्रारीवाचून काही लिहिण्याचा प्रसंग आला नव्हता. पुढे केव्हा तरी कळले की बाद होऊन परतल्यावर वाडेकर ड्रेसिंगरूममध्ये आडवा झाला होता आणि आपण जिंकलो तेव्हा तो गाढ झोपेत होता. ही हकिकत ऐकताच शिरस्तेदारांनी लाल फडके सोडवले, चष्मा पुसला, ते पान काढले आणि वळणदार कोर्टी अक्षरात रकाना भरला: “कप्तान निद्रिस्त. कामकाज इकडून चालविले.”