नॉर्वे, व्हाया बामणोली

इचलकरंजीचा माणूस सहलीला निघताना दोनच गोष्टी आधी बघतो. मागं यंत्रमागाच्या शेडवर कोण थांबणार आणि पुढं जेवणाची सोय काय. ठिकाण हा तिसरा मुद्दा, तो गाडी हायवेला लागल्यावर ठरला तरी चालतो. दक्षिणेला वळली तर गोवा, उत्तरेला वळली तर महाबळेश्वर आणि हायवेपर्यंत पोचलीच नाही तर नरसोबाची वाडी. आमच्या आप्पांनी मात्र ठिकाण आधी ठरवलं. तेही नॉर्वे.

आप्पा ऑटोलूमवाले. २०२३ च्या जूनमध्ये मिलानला कापडयंत्रांचं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा आप्पा यंत्रं बघायला गेले आणि तिथून पुढं नॉर्वेत नोकरीला असलेल्या पोराकडं. पोरानं बापाला देवदर्शन घडवावं तसं काही तिथं नव्हतं, म्हणून त्यानं त्यांना एका ग्रुपबरोबर कयाकमध्ये बसवून फियोर्डात सोडलं. कयाक म्हणजे अरुंद होडी आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं. दिवसभर वल्हवायचं, रात्री दिसेल त्या काठावर तंबू ठोकायचा.

युरोप बघून आलेल्यानं गावाला चार गोष्टी ऐकवायच्या, ही आमच्याकडची जुनी चाल. आमचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे १९१३ साली तिकडं फिरून आले आणि त्यांनी इंग्रजांच्या राहणीवर आणि स्वभावावर चक्क इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आप्पांनी पुस्तक लिहिलं नाही. त्यांच्याकडं व्हॉट्सॲप होतं. त्यावर भागलं नाही तेव्हा त्यांनी आम्हाला मलाबादे चौकात चहाच्या गाड्यावर गाठलं.

“दोन्ही बाजूला उभे कडे, मधे समुद्र,” आप्पा सांगू लागले. “हिमनद्यांनी दऱ्या कोरल्या, बर्फ वितळलं आणि समुद्र आत शिरला. सोग्नेफियोर्ड दोनशे किलोमीटरच्या वर लांब आणि तेराशे मीटर खोल.”

“म्हंजे आपला जोतिबाचा डोंगर बुडंल?” माग दुरुस्त करणाऱ्या बाळू जॉबरनं विचारलं.

“आख्खा.”

बाळूनं चहा खाली ठेवून जोतिबाला हात जोडले.

“आणि उन्हाळ्यात तिथं रात्रीचा अंधार पडतच नाही.”

“मग नाइट शिफ्ट कशी लावत्यात ओ?”

या प्रश्नाचं उत्तर आप्पांकडं नव्हतं, पण पुढच्या मुद्द्याला आम्ही सगळेच गप्प झालो. नॉर्वेत १९५७ चा एक कायदा आहे. त्यानुसार मोकळ्या रानात कुणीही तंबू ठोकावा. राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं, एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त थांबायचं असेल तर मालकाला विचारायचं, आणि घाण करायची नाही. पैसे द्यायचे नाहीत. जमिनीचा मालक नाही म्हणू शकत नाही.

“न्हाई म्हणू शकत न्हाई?” दाजींनी दोनदा विचारलं. दाजींची स्वतःची फूटभर बांधाची केस चालू आहे. तिसरी पिढी तारखांना जाते. नॉर्वेचा कायदा ऐकून त्यांना आपला वकील बदलावासा वाटला असावा.

दीडशे मीटरची अट तर इचलकरंजीत पाळायची सोयच नाही. आमच्याकडं दीडशे मीटरात एक सायझिंग, वहिफणीच्या दोन शेड, एक तालीम, दूध डेअरी आणि निदान तीन इच्छुक नगरसेवक येतात. त्या सगळ्यांपासून लांब तंबू ठोकायचा म्हटलं तर माणूस कर्नाटकात जातो.

तात्यांना मात्र यात नवल वाटलं नाही. तात्या सुताचे व्यापारी; त्यांना कशाचंच नवल वाटत नाही, वाटलं तर भाव वाढतो. ते म्हणाले, “ह्यात काय नवीन? पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाला येणारी धनगरं काय हॉटेलात उतरत्यात?” आणि हे अगदी खरं आहे. ऑक्टोबरात जत्रेला भंडाऱ्यानं रान पिवळं होतं आणि माणसं उघड्यावर मुक्काम करतात. एरवीही धनगर घोड्यावर संसार लादून गावोगावच्या शेतात उतरतो. शेतकरी त्याला हाकलत नाही, उलट बोलावून घेतो, कारण रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं. त्याबद्दल धनगराला धान्य किंवा रोख मिळते. नॉर्वेत मुक्काम फुकट आहे. आमच्याकडं मुक्काम करणाऱ्यालाच पैसे मिळतात, अट एवढीच की बरोबर दोनशे मेंढरं पाहिजेत.

मग आप्पांनी आठ जणांच्या नॉर्वे खर्चाचा आकडा सांगितला. मी एका ट्रेडिंग कंपनीत दिवाणजी आहे. रुपयांचा आकडा ऐकला की मी सवयीनं तो ग्रे कापडाच्या मीटरमध्ये घालून बघतो. त्या पैशाचं कापड इथून अंथरत गेलं तर साताऱ्यापर्यंत पोचत होतं. म्हणून सातारा ठरलं.

आधी पंचगंगेचं नाव निघालं होतं. घरची नदी, गाडीखर्च नाही. पण शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी बंधाऱ्यांची माळच आहे. दर बंधाऱ्याला उतरून कयाक डोक्यावर घ्यायची म्हणजे कयाकनंच आमच्यावरून सहल केल्यासारखं. उन्हाळ्यात वर केंदाळ इतकं दाटतं की होडी बुडायची भीती उरत नाही, पुढं जायचीही नाही. आणि पावसाळ्यात आम्हाला नदीकडं जावं लागत नाही, नदी येते. २००५, २०१९ आणि २०२१ ला ती घराघरात जाऊन भेटली. तेव्हा गल्लीतून बोटीनं फिरलेल्या माणसाला नौकानयनाची हौस नव्यानं लावायची गरज नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे आमच्याकडं लहान पोरंही सांगतात. गंमत अशी की पुरात उंबऱ्यापर्यंत येणारं पाणी एरवी नळाला मात्र काही दिवसांआड येतं. अशा गावच्या माणसांना नुसतं निवांत पाणी बघायला मिळणं हीसुद्धा चैनच.

ते पाणी साताऱ्याजवळच्या बामणोलीला आहे. कोयनेवर १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं, १०५ टीएमसी पाणी अडवलं आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत शिवसागर शिरला. तापोळ्याला कोयना, सोळशी आणि कांदाटी एकमेकींत मिसळतात. डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या, त्यांच्या मधून पाण्याच्या लांबच लांब बोळी गेलेल्या. फोटो काढला तर नॉर्वेवाला फसेल. काम मात्र निराळं. तिकडं हिमनद्यांनी हजारो वर्षं खपून दरी कोरली, इकडं दरी आयती होती, सरकारनं फक्त पाणी सोडलं नाही.

त्या पाण्याखाली गावं गेली. आम्ही ज्यांच्या शेतात उतरलो ते काका म्हणाले, “तुमी वल्हवताय तितं खाली आमचं जुनं घर हाय.” एवढं बोलून ते भाकरीचं बघायला आत गेले. बाळूनं वल्हं हळूच जमिनीवर ठेवलं. धरणाच्या विजेचं बिल गावं सोडून गेलेल्यांनी आधीच भरलेलं असतं, हे आम्हा मागवाल्यांना कुणी सांगायला नको होतं, पण सांगितलेलं बरं झालं.

काकांच्या शेतात उतरण्याचं कारण कायदा. समोरच्या काठावरचं रान १९८५ पासून कोयना अभयारण्यात आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वासोटा किल्ल्यावर जायचं तर बामणोलीत वनखात्याची परवानगी काढायची आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. मुक्कामाला मनाई. नॉर्वेत घरापासून दीडशे मीटर लांब राहायचा नियम, इथं घराच्या जवळ राहण्यातच शहाणपण. वाघाला १९५७ चा कायदा माहीत नाही.

सकाळी जाकिटं चढवून आम्ही पाण्यात उतरलो. कयाक ही मूळची नॉर्वेची नव्हे, ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांची. सीलच्या कातड्याची, एकट्यापुरती, वापरणाऱ्याच्या अंगाच्या मापानं केलेली. नॉर्वेचा संशोधक नान्सेन १८८८ साली स्कीवरून ग्रीनलंड ओलांडून गेला आणि हिवाळाभर तिथं अडकला, तेव्हा त्यानं ती शिकून घेतली. दोघांची कयाक काढायचं ज्याच्या डोक्यात आलं, त्यानं भागीदारीत धंदा केलेला नसावा.

आम्हाला दोघांच्याच मिळाल्या. पुढच्यानं ठेका धरायचा, मागच्यानं दिशा सांभाळायची. पहिला अर्धा तास प्रत्येक जोडी जागच्या जागी गोल फिरत होती, कारण दोघेही दिशाच सांभाळत होते. बाळू जॉबरला आधी जमलं. त्यानं वल्ह्याचा दांडा दोन बोटांत धरून तोल बघितला, पात्याची कड अंगठ्यानं चाचपली, बसायची पट्टी दोन भोकं मागं घेतली आणि मग डावं-उजवं सुरू केलं, मागावर धोटा फिरावा तसं. प्रत्येक फेऱ्याला वल्ह्यावरून ओघळणारं पाणी कोपरावरून थेट मांडीवर येत होतं. “सूत तुटत न्हाई, एवढंच सुख हाय,” तो म्हणाला आणि पुढं निघून गेला.

दाजी आणि तात्या एका कयाकमध्ये आले, हा नशिबाचा भाग. दाजी पुढं, तात्या मागं. काठ पुरेसा लांब गेल्यावर तात्यांनी विषय काढला.

“दाजी, चाळीस नंबर सुताच्या त्या बाचक्यांचं काय झालं?”

“पाणी किती निवांत हाय बघा, तात्या.”

“निवांत हाय म्हणूनच विचारालोय.”

दाजींनी वल्हं जोरात मारायला सुरुवात केली. गावात हा उपाय चालतो. समोरून तात्या दिसले की बोळात शिरायचं, फोन आला की बायकोकडं द्यायचा. पण इथं ज्याच्यापासून पळायचं तोच होडीत मागं बसलेला आणि दिशाही त्याच्याच हातात. आप्पा काठावरून ओरडले, “दाजी, काय स्पीड हाय! नाद खुळा!” कयाक भर पाण्यात गेली, थांबली, बराच वेळ तिथंच डोलत राहिली. मग पाण्यावरून तात्यांचा आवाज आला, “दिवाणजी, लिवून ठेवा! निम्मे गणपतीच्या आत!” गावातल्या मध्यस्थांना जे जमलं नव्हतं ते एका प्लॅस्टिकच्या होडीनं करून दाखवलं. परतताना मात्र दोघांचा ठेका जुळला होता.

रात्री काकूंनी नाचणीची भाकरी आणि झुणका दिला, आम्ही आमची कांदा-लसूण चटणी काढली. काकांनी ती जिभेला लावली, पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि आमच्याबद्दल पहिल्यांदाच आदरानं विचारपूस केली. इथवर सगळं ठीक चाललं. पंचाईत झोपताना झाली.

तंबूत सगळे आडवे झाले आणि कुणालाच झोप येईना. थंडी नव्हे, वाघाची भीती नव्हे, शांतता. जन्मल्यापासून खडखडाटात झोपलेली माणसं आम्ही. गावात रात्री लाईट जाऊन माग थांबले की अख्खी गल्ली जागी होते. इथं तर धरणाच्या गावात सगळं बंद. एका तंबूतून दुसऱ्या तंबूत हाका सुरू झाल्या. “झोपलासा काय?” “न्हाई.” शेवटी आप्पांनी मोबाइल काढला. गिऱ्हाइकांना दाखवायला त्यांनी आपल्या ऑटोलूमचा व्हिडिओ करून ठेवला होता. तो लावून त्यांनी फोन तंबूंच्या मधोमध दगडावर ठेवला. मशीनचा आवाज सुरू झाला. बाळू जॉबर तेवढ्यातही म्हणाला, “तिसऱ्या मशीनचा आवाज बरोबर न्हाई,” आणि घोरायला लागला. त्याच्या पाठोपाठ बाकीचेही.

नॉर्वेवाला ग्रुप करून जातो तो एकटं राहायला. आम्ही ग्रुप करून जातो ते कुणी एकटं राहू नये म्हणून, आणि जाताना गाव बरोबर घेऊन जातो, आवाजासकट. मला यात काही वावगं दिसत नाही. फक्त तो आवाज काकांच्या शेतापुरताच राहावा, समोरच्या रानापर्यंत जाऊ नये.

तेव्हा शिवसागरावर जाणार असाल तर थंडीत जा. जाकीट घाला, पोहता येत असलं तरी घाला. रानाच्या बाजूला मुक्काम करू नका, शेतात तंबू ठोकण्याआधी मालकाला विचारा, नेलेलं प्लॅस्टिक परत आणा. आणि दोघांच्या कयाकमध्ये बसण्याआधी खातेवही काढून मागच्या माणसाचं आपण काही देणं लागतो का, तेवढं बघून घ्या.